टोपलीतले नऊ धडे

११ जुलै

प्रिय टिचकी,

...मग पिंप भरलं, गाळणं धुवून उलटं घातलं, ओटा पुसला. ओट्याखालची कचऱ्याची टोपली खाली नेऊन रिकामी केली आणि तिच्यात नवा कागद घातला. झाडू घेऊन तुझ्या काकांच्या खोलीत गेले. खुर्ची सरकवून टेबलाखालचाही केर काढला. तिथे आता कुणाचे पाय आड येत नाहीत. यंत्र चालू केलं. ते जागं व्हायला वेळ घेतं, तेवढ्यात खिडकीच्या गजांवरून फडकं फिरवलं. पडद्यावर कोपऱ्यात एक छोटी टोपली असते ना, कागदांनी भरलेली, तीही रिकामी केली. 'नक्की का?' असं ते विचारतं. मी म्हटलं, नक्की रे बाबा. टोपलीचं चित्र मोकळं झालं. सगळं आवरलं तेव्हा साडेआठ वाजले होते.

ही मे महिन्यातली एक सकाळ. तू विचारलंस, 'काकू, तुझा दिवस कसा जातो?' तो असा जातो, म्हणून एक नमुना पाठवला. बाकीच्या सकाळी हिच्यासारख्याच, यंत्र तेवढं आठवड्यातून एकदा.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते, त्यामुळे तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस. हे पत्र मी यंत्रावर टाइप करून छापलं आहे. ह्यांनीच शिकवलं होतं. मला वाटलं होतं हे गेल्यावर बोटं विसरतील, पण नाही विसरली.

तू ह्यांचे धडे मागितलेस. तुमच्या विद्यापीठात पहिल्याच सत्राला 'संगणक कसा चालतो' हा विषय आहे, सर भरभर बोलतात आणि तुला काही उमगत नाही, हे वाचून वाईट वाटलं. बावीस वर्षं तोच विषय शिकवणारा माणूस घरात होता, आणि तुला तिथे पोचायला पाच महिने उशीर झाला. ह्यांनी पुस्तकासाठी तेरा धडे लिहिले होते. शेवटचा जानेवारीत संपवला आणि माझ्यापुढे हात झटकून म्हणाले, "सुटलो." यंत्रात 'धडे' नावाचं एक कप्प्याचं चित्र आहे. त्यात मला पहिले चारच दिसले. बाकीचे नऊ कुठे ठेवलेत? तुला माहीत असेल तर सांग. चार छापून सोबत पाठवले आहेत.

तुझी,
काकू


१९ जुलै

प्रिय काकू,

आधी बस. चहा घेतला असशील तर ठीक, नसला तर घे, मग पुढे वाच.

काकांची एक खोड होती. धडा लिहून झाला की ते तो फोल्डरमध्ये ठेवायचे नाहीत, त्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायचे. मला एकदा दाखवलं होतं. मी म्हटलं, "काका, वेड लागलंय का? हे कचऱ्यात?" तर म्हणाले, "फोल्डरमध्ये असला की रोज उकरावासा वाटतो. टोपलीत हात घालायला जरा लाज वाटते. पडू दे दोन-तीन महिने. मग काढीन आणि परक्याच्या नजरेने वाचीन." पहिले चार त्यांनी असेच काढून, नीट करून फोल्डरमध्ये ठेवले होते. उरलेले नऊ एकदम मुरत घातले असणार.

म्हणजे तू मे महिन्यात जी टोपली रिकामी केलीस, काकू, त्यात ते होते.

तुझी काहीच चूक नाही. दुसऱ्यांना 'प्रत काढून ठेवा, प्रत काढून ठेवा' म्हणून जन्मभर ओरडणाऱ्या माणसाने स्वतः एक प्रत ठेवली नाही, ही त्यांची चूक. कागदावर कुठे छापलेले आहेत का, ते कपाटात बघ ना.

तुझी,
टिचकी


२८ जुलै

प्रिय टिचकी,

कपाट पाहिलं. माळा पाहिला. गादीखाली पाहिलं, तिथे कोण ठेवतं? तरी पाहिलं. ह्यांच्या कोटाचे खिसेसुद्धा उलटे केले. विजेची जुनी बिलं, एक बटण, तुझं दहावीचं अभिनंदनाचं कार्ड जे ह्यांनी पोस्टात टाकलंच नाही. धडे नाहीत.

'मुरत घातलाय' असं हे मला म्हणायचे. मला वाटायचं, टेबलाच्या खणात ठेवलाय. मी कधी विचारलं नाही. तो खण मी आवरत नसे, कारण तिथे धडे मुरताहेत अशी माझी समजूत होती. म्हणजे जिथे ते नव्हते तिथे मी सहा महिने हात लावला नाही, आणि जिथे होते ते साफ केलं. नक्की का, असं विचारलंही होतं त्याने.

तू लिहितेस माझी चूक नाही. मला हे पटवून घेता येत नाही. आणि मी कुणाशी भांडू?

तुला एक गोष्ट माहीत नसेल. ते धडे ह्यांनी माझ्यावर तपासून पाहिले होते. मी सातवीत शाळा सोडलेली. पुढचं जे काही आहे ते वाचनालयाच्या पुस्तकांतून उचललेलं. हे म्हणायचे, "तुला कळलं तर पहिल्या वर्षाच्या कुठल्याही पोराला कळेल." मी भाजी निवडायची आणि हे वाचायचे. मी नुसतं 'हं, हं' केलं की थांबायचे. "कळलं नाही ना?" "कळलं की." "कळलं असतं तर भांडली असतीस." मग ते पान पुन्हा लिहायचे. तेराच्या तेरा धडे मी ऐकले आहेत. दोन वर्षं रोज संध्याकाळी आमच्यात हेच बोलणं होतं. नवरा-बायकोत एरवी भाजी, दूध आणि शेजारी याच्यापलीकडे काय असतं? आमच्यात हे होतं.

तुझी,
काकू


१४ ऑगस्ट

काकू, काकू, काकू!

ऐक. आज तासाला मी उडालेच. धडे गेलेले नाहीत!

आमचे सर (तेच, भरभर बोलणारे) आज एकदाच हळू बोलले, आणि नेमकं कामाचं बोलले. तुला तुझ्याच भाषेत सांगते. तू वाचनालयात जातेस. समजा तिथल्या बाईंनी एका पुस्तकाचं कार्ड काढून फाडून टाकलं. पुस्तक कुठे गेलं? कुठेच नाही. ते आपल्या फळीवरच उभं आहे. फक्त ते कुठल्या फळीवर आहे हे सांगणारं कार्ड उरलं नाही. यंत्रातली टोपली रिकामी केली की एवढंच होतं. ते कार्डं फाडतं. पुस्तकांना हातही लावत नाही, कारण ते आळशी आहे आणि पुस्तकं पुसत बसायला त्याला वेळ लागतो.

म्हणजे काकांचे नऊच्या नऊ धडे त्या यंत्राच्या डब्याच्या आत बसलेले आहेत. फळीफळीवर शोधत जाणारी एक युक्ती असते, ती आम्हाला सत्राच्या शेवटी प्रयोगशाळेत शिकवणार आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी मला सुट्टी आहे. मी येते आणि माझ्या हाताने काढून तुझ्या हातात देते. तोवर यंत्र कुणाला देऊ नकोस, विकू नकोस, पाडू नकोस!

तुझी,
टिचकी


२३ ऑगस्ट

प्रिय टिचकी,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे साहेब अजून आत आहेत?" मी म्हटलं, साहेब नाहीत हो, धडे आहेत. पण जीव भांड्यात पडला तो पडलाच. आज किती तरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

आता मी यंत्राची नीट काळजी घेते आहे. आधी आठवड्यातून एकदा चालू करायचे, आता रोज करते. नुसतं पडून राहिलं की कुठलंही यंत्र बिघडतं. आमचं शिलाई मशीन असंच गेलं. त्यामुळे रोज सकाळी दोन तास त्याला कामाला लावते. तुला पत्रं लिहिते (सगळी पाठवत नाही, तुला अभ्यास आहे), रोजनिशी लिहिते, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात काय आवडलं ते लिहिते. लिहिलेलं सगळं साठवून ठेवते, एकही ओळ टाकत नाही. काही न टाकण्याची मी आता शपथच घेतली आहे. टोपलीला शिवतसुद्धा नाही.

काल टाइप करताना वाटलं, हे माझ्या बोटांच्या खालीच कुठे तरी आहेत. बरं वाटलं.

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे, ते म्हणतील ही कोण.

तुझी,
काकू


१७ सप्टेंबर

प्रिय काकू,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. चाचणी होती. बरी गेली नाही. बेरीज करणारं सर्किट काढायचं होतं, मी वजाबाकी करणारं काढलं. सर म्हणाले, "निदान काहीतरी करतंय."

एक मागणं आहे. तू मला पत्रं हाताने लिहिशील का? छापलेलं पत्र आलं की विजेच्या कंपनीचं आल्यासारखं वाटतं. इथे माझ्या खोलीतल्या मुलींना घरून हाताने लिहिलेली पत्रं येतात. तुझं अक्षर मला आठवतं, लहानपणी तूच माझ्या वह्यांवर नाव घालायचीस. यापुढे हातानेच लिही. अगदी प्रत्येक पत्र. यंत्रावर नको. एवढं ऐक माझं.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
टिचकी


२६ सप्टेंबर

प्रिय टिचकी,

घे, हाताने. विजेच्या कंपनीचं म्हणालीस ते मला लागलं होतं, पण नंतर हसू आलं. पोरीला घरची आठवण येते आणि सांगायला लाजते, हे न कळण्याएवढी मी जुनी झालेले नाही.

अक्षर बघ. एकही खाडाखोड सापडणार नाही तुला. कसं जमवलं ते विचारू नकोस, ते माझं गुपित. शाळेत बाई माझं शुद्धलेखन फळ्याशेजारी लावायच्या, ते दिवस आठवले.

चाचणीचं मनाला लावून घेऊ नकोस. वजाबाकीशिवाय बेरीज कळत नाही, असं हे म्हणाले असते. की आणखी काही म्हणाले असते? मला आता हे काय म्हणाले असते ते नीट सांगता येत नाही. आधी लगेच सांगता यायचं.

तुझी,
काकू


५ ऑक्टोबर

प्रिय काकू,

किती सुंदर अक्षर! भिंतीवर लावलंय. खोलीतली एक मुलगी म्हणाली, "तुझी काकू शाळेत मास्तरीण होती का?" मी म्हटलं, नाही, मास्तरांची मास्तरीण.

तू माझं ऐकलंस, मला फार बरं वाटलं. फार म्हणजे फार.

एक सुचलं. तू सगळे धडे ऐकले आहेस ना? मग तुला जेवढे आठवतील तेवढे आत्ताच लिहून काढ. कसेही, मोडकेतोडके. माझी परीक्षा पंधरा नोव्हेंबरला आहे. मला पाचवा धडा हवा आहे, पत्ते आणि यंत्राची आठवण (मेमरी) यांचा. इथे मी वर्गात बसते आणि भाषा कळते पण बोलणं कळत नाही. काकांनी ते कसं सांगितलं असतं, एवढंच मला हवंय.

तुझी,
टिचकी


१५ ऑक्टोबर

प्रिय टिचकी,

तुझ्या सांगण्याप्रमाणे लिहायला बसले. रोज सकाळी बसते. काय झालं ते सांगते, हसू नकोस.

पाचवा धडा ह्यांनी बुधवारी वाचला होता. मी गवारीच्या शेंगा मोडत होते. ह्यांनी चष्मा कपाळावर ढकलला होता. मी म्हटलं, "हे चुकतंय. घराचा पत्ता आणि घरातला माणूस हे एकच कसं असेल? माणूस घर बदलतो." हे उठून उभे राहिले. म्हणाले, "हाच! हाच तो प्रश्न!" आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला डोकं आपटलं. एवढं सगळं आठवतं, गवारीसकट. पण उत्तर काय दिलं, ते आठवत नाही. मला कळलं होतं, हे आठवतं. कळल्यावर कसं वाटलं, तेही आठवतं. काय कळलं होतं, ते गेलं. सहाव्याचं तसंच. आठव्याचं तसंच. मी तेरा धडे ऐकले आणि माझ्याजवळ फक्त शेंगा उरल्या.

तरी मी सोडलं नाही. रोज दहा-दहा पानं लिहून बघते. एक सुरुवात जमली नाही की दुसरी. यंत्रावर हे बरं असतं, कितीही वेळा लिहा, कागद वाया जात नाही. सगळ्या सुरुवाती साठवून ठेवल्या आहेत, तू आलीस की तूच निवड.

आणि आता गुपित सांगूनच टाकते, नाही तर तू मला मास्तरीण समजून बसशील. तुझं पत्रही मी आधी यंत्रावर लिहिते, तिथे काय खोडायचं ते खोडते, आणि मग बघून बघून हाताने उतरवते. म्हणून खाडाखोड नसते. एका पत्राच्या चार-चार प्रती होतात. तुला हातचं हवं होतं ना, मग चांगलंच नको का द्यायला?

तुझी,
काकू


३० ऑक्टोबर

प्रिय टिचकी,

तू खालच्या बाईंकडे फोन केलास आणि "काकूला सांगा, यंत्र बंद कर, आत्ताच्या आत्ता, वायर काढ" एवढं बोलून रडायला लागलीस. त्या बिचाऱ्यांना वाटलं आग लागली. पाण्याची बादली घेऊन वर आल्या. मी जेवत होते. त्या म्हणाल्या, "कुठे पेटलंय?" मी म्हटलं, कुठेच नाही. पण वायर काढली.

मग दुसऱ्या दिवशी ह्यांच्या कॉलेजातले लॅबचे सहायक आले. हे त्यांना पेचकस म्हणायचे, कारण त्यांच्या वरच्या खिशाला पेन नसायचं, पेचकसच असायचा. अजून तसाच आहे. तू त्यांनाही फोन केला होतास, असं म्हणाले. डबा काखेत मारून घेऊन गेले. जाताना विचारलं, "वहिनी, मे महिन्यानंतर यावर काही लिहिलंत का?" मी अभिमानाने सांगितलं, रोज. त्यांनी डबा जरा वर सरकवून धरला आणि म्हणाले, "बरं. बघतो."

त्यांनी आठ दिवस बघितलं. काल मला बोलावलं. लॅबमध्ये पोरं कामं करत होती, त्यांनी मला एका कोपऱ्यात स्टुलावर बसवलं आणि कागदांचा गठ्ठा दिला. शंभरावर पानं होती. मला वाटलं, आले. वरचं पान बघते तो माझंच. माझी पत्रं, माझी रोजनिशी, पाचव्या धड्याच्या माझ्या सुरुवाती. सगळी पत्रं, पाठवलेली आणि न पाठवलेली.

"आणि ह्यांचं?" मी म्हटलं.

"वहिनी, तुमचं जिथे साठलं, तिथे सरांचं होतं. यंत्राला ती जागा मोकळी दिसत होती. बाकी ठिकाणी जुनी चित्रं आहेत, कार्यालयाचे फॉर्म आहेत, ते सगळे शाबूत निघाले. धडे तेवढे..." चांगला माणूस आहे. पेचकस काढून उगाच हातात फिरवत बसले.

एक पान मात्र त्यांनी वेगळं ठेवलं होतं. ते माझं तुला लिहिलेलं पत्र आहे, न पाठवलेल्यांपैकी. नळवाला तिसऱ्यांदा येतो म्हणून आला नाही, असलं काहीबाही. शेवटी 'तुझी, काकू'. ते पत्र छोटं होतं, जागा थोडी उरली, त्यामुळे खालचं पुसलं गेलं नाही, असं पेचकस म्हणाले. माझ्या सहीच्या खाली, एका शब्दाच्या मध्येच सुरू होणारं, असं आहे:

'रण घाबरायचं कारण नाही. यंत्राला काही कळत नसतं. त्याला दोनच गोष्टी माहीत असतात, आहे आणि नाही. बाकीचं सगळं आपण त्याला'

एवढंच. नऊ धड्यांतलं एवढंच, आणि असलेच तीन-चार तुकडे, दोन-दोन ओळींचे.

मला एक विचारायचं आहे. फोनवर रडता रडता तू खालच्या बाईंना म्हणालीस म्हणे, "मी तिला सांगितलं होतं हाताने लिही म्हणून." म्हणजे ते अक्षरासाठी नव्हतं का?

काकू


८ नोव्हेंबर

प्रिय काकू,

नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सरांनी पुढचं सांगितलं. कार्ड फाडल्यावर ग्रंथपालाला ती फळी मोकळी वाटते. नवं पुस्तक आलं की तो जुनं बाहेर फेकून तिथे नवं ठेवतो. मी वर्गातच गार पडले. तू लिहिलं होतंस, रोज दोन तास, एकही ओळ टाकत नाही.

मी त्या दिवशी तुला खरं लिहायला बसले होते. पाच वेळा लिहिलं. 'धडे वाचवायला म्हणून तू जे करते आहेस त्यानेच ते जाताहेत.' हे कसं लिहू? टोपलीचं सांगितल्यावर तू कोटाचे खिसे उलटे केलेस, जेवण सोडलंस. मला वाटलं, तुला परत तसं करायला लावायचं नाही. पत्रं हाताने लिहायला लावली की यंत्रावर लिहिणं थांबेल, आणि थोडे गेले असले तरी बरेचसे उरतील, आणि तुला कधी कळणारही नाही. मी फार हुशारी केली.

पेचकसकाकांना तेव्हाच फोन करता आला असता. त्यांनी एका दिवसात डबा नेला असता. तो का केला नाही, तेही सांगते. धडे मला काढायचे होते. मी नोव्हेंबरात येणार, यंत्र उघडणार आणि तुला म्हणणार, घे. वर्गात मला काही येत नाही, काकू. हे एक तरी मला आलं असतं.

आणि वरून मीच तुला म्हटलं, आठवेल ते लिहून काढ. कुठे लिही, ते म्हटलं नाही. ते मी म्हटलं नाही, हे मला रोज आठवतं.

परीक्षेला बसणार नाही. हा विषय मला शिकता येणार नाही आता. तू मला काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

टिचकी


२१ नोव्हेंबर

टिचकी,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहायचं ते माझं मलाच कळत नव्हतं. हे पत्र एकटाकी आहे, उतरवलेलं नाही, त्यामुळे खाडाखोड दिसेल.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. दोन दिवस तुझा राग आला. मला खरं सांगितलं असतंस तर मी रडले असते, आणि वायर काढली असती. रडण्याने काही धडे पुसले जात नाहीत. तू मला काचेचं भांडं समजलीस. माझा नवरा फेब्रुवारीत गेला, मी मार्चमध्ये पाण्याचं बिल भरायला रांगेत उभी होते.

मग माझाच राग आला. मी टोपली रिकामी केली. मी दोन तास रोज बसले. माझी अक्कल आड आली, तुझी माया आड आली, ह्यांची खोड आड आली. आता यातलं कुणाचं किती, हे मला वाटून घेता येत नाही. तूही वाटत बसू नकोस. परत येणार नाहीत ते येणार नाहीत. मी त्या शंभर पानांकडे बघते आणि वाटतं, एवढं लिहायला मला झालं होतं काय? नळवाल्याबद्दल दोन पानं! त्यांच्या खाली काय होतं ते कळलं असतं तर मी नळ जन्मभर गळू दिला असता.

परीक्षा तू दिली नाहीस, असं तुझ्या बाबांनी कळवलं. ते मला आवडलं नाही. पण रागवायला मी कोण? तुला शिकवायला माझ्याजवळ काही उरलं नाही. पाचवा धडा मला येत नाही. चौथाही आता नुसता वाचता येतो, हे वाचायचे तसा वाचता येत नाही. ह्यांची आठवण येते ती तोंडाची, हाताची. बोलणं येत नाही. हे असं होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी पेचकस डबा परत द्यायला आले होते. मी म्हटलं, राहू दे कॉलेजातच, पोरांच्या कामाला येईल. ते म्हणाले, "वहिनी, सरांचा तास आता दुसऱ्या बाई घेतात. तोच विषय, तीच खोली. पावणेअकराला असतो." असंच बोलले, बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून. चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची कामं आटोपली, कॉलेजात गेले, शेवटच्या बाकावर एका मुलीला सरकायला सांगितलं आणि तिथे बसले. बाई आल्या. मी वहीत तारीख घातली आणि तास संपेपर्यंत ऐकलं.

काकू